मिस्त्रीचे तीन ठिपके

एका खाडीच्या दोन काठांवर दोन गावे होती. अलीकडच्या गावात वस्ती मोठी, पण बाजार, शाळा आणि दवाखाना पलीकडच्या गावात. मध्ये पाऊण मैल पाणी. त्या पाण्यावर अलीकडच्या गावाची एक लाँच चाले, आणि ती चालली नाही की गाव जणू घरात कोंडल्यासारखे होई.

पलीकडच्या गावात भार्गव पांचाळ नावाचा एक मिस्त्री राहत असे. मोठ्या डिझेल इंजिनांचा त्याच्यासारखा जाणकार त्या मुलखात नव्हता. खाणीवरची इंजिने, बर्फाच्या कारखान्यातली इंजिने, मासेमारीच्या बोटींवरची इंजिने, सगळी त्याच्याच हाताखालून जात. लोक म्हणत, भार्गव मिस्त्री इंजिनाला कान लावतो आणि इंजिन त्याला आपले दुखणे सांगते. असे इतक्या वेळा कानावर पडल्यावर भार्गवलाही ते खरे वाटू लागले होते.

त्याच्या कामाच्या दोन खुणा ठरलेल्या होत्या. पहिली, तीन ठिपके.

चार सिलिंडरांच्या मोठ्या इंजिनाच्या पोटात, खाली तेलाच्या चेंबरमध्ये, दोन जड दांडे असतात. त्यांना बॅलन्सर म्हणतात. इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, एकदा फिरतो तेवढ्यात हे दोनदा फिरतात, आणि तेही एकमेकांच्या उलट. ते काही ओढत नाहीत, काही ढकलत नाहीत. इंजिन ज्या क्षणी वर उसळू पाहते त्या क्षणी ते खाली दाबतात, एवढेच त्यांचे काम. पण त्यासाठी बॅलन्सरचा गिअर क्रँकच्या गिअरशी नेमक्या दात्यावर जुळावा लागतो. म्हणून दोन्ही गिअरांवर कारखान्यातूनच एकेक रेघ कोरून येते. रेघेला रेघ भिडली की काम बरोबर. एक दाता जरी मागेपुढे झाला तरी दाब वेळेवर पडत नाही आणि हादरा इंजिनात शिल्लक राहतो.

रेघा भिडल्या की भार्गव पंच, म्हणजे लोखंडावर ठिपका उमटवायची टोकदार पोलादी कांडी, आणि हातोडी घेऊन त्यांच्या शेजारी आपले तीन ठिपके मारी. दोन एका गिअरवर, एक दुसऱ्यावर. पुढे कोणीही इंजिन उघडले तरी त्याला कळावे की हे भार्गवने जुळवले आहे, याला हात लावायचे कारण नाही.

दुसरी खूण म्हणजे पाण्याचा पेला. काम संपले की भार्गव इंजिन सुरू करी आणि काठोकाठ भरलेला काचेचा पेला इंजिनाच्या वरच्या झाकणावर ठेवी. एक थेंब सांडला तरी मजुरी घेणार नाही, हा त्याचा शब्द. सव्वीस वर्षांत थेंब सांडला नव्हता. नुकते जोडलेले इंजिन जपायचे म्हणून ते अगदी सावकाश चालवत. मग लोक टाळ्या वाजवत आणि जेवायला बसत. जेवण झाल्यावर पुन्हा पेला ठेवून इंजिन जोरात चालवून बघावे, असे कधी कोणाच्या मनात आले नाही. भार्गवच्याही नाही.

इकडे लाँचवर इंजिन सांभाळायला दामू भोई होता. त्याचा आजा याच खाडीत वल्ही मारून माणसे पार करी, बाप शिडाच्या होडीने करी, आणि दामू इंजिनाने. तीन वर्षांपूर्वी गावाने जुन्या बाजारातून एक इंजिन आणून लाँचवर बसवले तेव्हापासून दामूला एक खोड लागली होती. रोज सकाळी तो सगळे नट पान्याने आवळी आणि प्रत्येक नटावरून इंजिनाच्या अंगावर खडूची एक सरळ रेघ ओढी. संध्याकाळी दिसे की कितीतरी रेघा मध्येच तुटल्या आहेत. नट फिरले आहेत. मग पुसून, आवळून, पुन्हा रेघ. त्याने गावकीत दोनदा सांगितले की या इंजिनात काहीतरी आहे, नट जागेवर राहत नाहीत.

“नट काय पाय फुटून चालतात होय रे?” गावकीचे प्रमुख आबा खोत म्हणाले होते, आणि बैठक हसली होती.

मग चैत्रातल्या एका सकाळी, बाजारच्या दिवशी, बेचाळीस माणसे घेऊन निघालेल्या लाँचचा डिझेलचा पाइप खाडीच्या मध्यावर सांध्यात तुटला. इंजिन बंद पडले. ओहोटी जोरात होती. लाँच आडवी झाली आणि खाडीच्या मुखाकडे, जिथे समुद्राच्या लाटा फुटतात तिकडे, वाहत निघाली. कोणी ओरडले नाही, इतके सगळे हबकले होते. बायकांनी पोरे कवटाळली. मुखापासून हाकेच्या अंतरावर मासेमारीच्या एका बोटीने दोर फेकला म्हणून बेचाळीस माणसे परत आली.

जेटीवर उतरल्यावर मात्र सगळ्यांना वाचा फुटली, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होते. दामू.

भार्गव मिस्त्रीला बोलावणे गेले. तो आला तेव्हा जेटीवर निम्मे गाव जमले होते.

“मिस्त्री, आधी एवढं सांगा,” आबा खोत म्हणाले. “दोष इंजिनाचा की माणसाचा?”

“इंजिन चुकत नाही, आबा. चुकतो तो माणूसच,” भार्गव म्हणाला.

लाँच जेटीला बांधलेलीच होती. भार्गवने इंजिन सुरू करायला लावले आणि पिशवीतून पेला काढून, पाण्याने भरून, झाकणावर ठेवला. सावकाश चालणाऱ्या इंजिनावर पेला शांत उभा राहिला. भार्गवच्या कपाळाला आठी पडली.

“यात तर काही नाही.”

“रेस वाढवली की होतं, मिस्त्री,” दामू म्हणाला.

“वाढव मग.”

दामूने रेस वाढवली. पाणी थरथरले. आणखी वाढवली. पेला जागेवरून सरकला, झाकणावर टकटक नाचत कडेला आला, आणि कोणी हात पुढे करण्याआधी खाली पडून फुटला.

भार्गव काचांकडे बघत राहिला. सव्वीस वर्षे तोच पेला होता. त्याला वाटले की कोणीतरी चारचौघांत आपल्या थोबाडीत मारली. आणि मारणारा कोण ते ठाऊक नसल्याने त्याचा राग जो समोर दिसेल त्याला शोधू लागला.

“बॅलन्सर चुकलाय,” तो म्हणाला. “एका दात्याने. त्याच्या हादऱ्यानेच पाइप तुटला. कोणा गाढवाने बसवलाय हा. गेल्या तीन वर्षांत या इंजिनाला हात कोणाचा लागला?”

सगळ्या माना दामूकडे वळल्या.

“मी चेंबर कधी उघडला नाही, मिस्त्री,” दामू म्हणाला. “तेल बदलतो, फिल्टर बदलतो, रोज नट आवळतो. हे बघा, रेघा पण मारतो.”

“कसल्या रेघा?”

दामूने खडूच्या रेघा दाखवल्या. भार्गवने वाकून पाहिले आणि तो हसला.

“इंजिन आहे की शाळेची पाटी? रेघा ओढून इंजिन चालत नाही, बाबा. त्याला विद्या लागते.”

जेटीवर हशा पिकला. चंद्रावहिनी, जी रोज पलीकडे मासळी विकायला जाई, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “माझी कोळंबीची टोपली गेली समुद्रात, आणि हा तिकडे अक्षरं गिरवीत बसला होता.”

दामूने खिशातला खडू बोटांनी चाचपला आणि हात तसाच खिशात राहू दिला.

तिथल्या तिथे ठरले. तीन दिवसांत मिस्त्रीने इंजिन दुरुस्त करायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी, भरतीला, सगळ्या गावासमोर लाँच सुरू व्हायची, आणि त्याच वेळी दामूला लाँचवरून कायमचे उतरवायचे. ज्याच्या तीन पिढ्यांनी गाव पार केले, तो भोई यापुढे काठावर बसून लाँच जाताना बघणार होता.

भार्गवला त्यात काही वावगे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वासे उभे करून, त्यांना चेनकप्पी टांगून इंजिन लाँचमधून वर उचलले आणि जेटीच्या शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर आडवे केले. भार्गवला हाताखाली माणूस हवा होता, आणि गावातून कोणी आले नाही. इंजिन सगळ्यांच्या भीतीचा विषय झाले होते. तेव्हा दामूच आला. ज्या इंजिनावरून त्याला उद्या उतरवायचे होते, ते धुवायला तो डिझेलचे घमेले आणि ब्रश घेऊन बसला.

चेंबर खोलला. आत काळ्या, दाट तेलाचा लेप बसला होता. गिअरांचे दातेसुद्धा नीट दिसत नव्हते.

“पूस ते आणि दिवा धर,” भार्गव म्हणाला, आणि दांडे ज्या कड्यांत फिरतात त्या बुशांचे माप घ्यायला पेटीतून पत्त्यांसारख्या पातळ पट्ट्या काढू लागला.

दामूने फडक्याने गिअर पुसले. बराच वेळ तो दिवा धरून बघत राहिला.

“मिस्त्री, तुमचं बरोबर आहे. रेघा जुळत नाहीत. एक दाता पुढे आहे.” मग जरा थांबून म्हणाला, “पण इथे शेजारी तीन ठिपके आहेत. ते मात्र अगदी बरोबर समोरासमोर आलेत. कारखान्याचे असतात का हे?”

भार्गव वाकला.

दोन ठिपके एका गिअरवर, एक दुसऱ्यावर. तिन्ही ठिपक्यांच्या कडेला केसाएवढी एक खाच होती. भार्गवच्या पंचाचे टोक पंधरा वर्षांपूर्वी एकदा तुटले होते, आणि तेव्हापासून त्याच्या प्रत्येक ठिपक्याला तशी खाच पडे. ती दुसऱ्या कोणाच्या ठिपक्याला पडणे शक्य नव्हते.

“हो,” भार्गव म्हणाला. “कारखान्याचे.”

आपणच बोललो हे त्याला एक क्षणभर कळले नाही. आवाज त्याचाच होता, पण शेडमध्ये दुसरा कोणी उभा राहून बोलावा तसा वाटला.

त्याने पान्याच्या टोकाने इंजिनाच्या अंगावरचा हिरवा रंग खरवडला. खालून पिवळा निघाला. आणि मग सगळे एकदम, पायाखालची फळी निघावी तसे, त्याच्या ध्यानात आले.

डोंगराच्या मागची खडीची खाण. अकरा वर्षांपूर्वी. हे इंजिन तेव्हा पिवळे होते. मालकाला घाई होती. इंजिन खाली उतरवायला वेळ नव्हता म्हणून भार्गवने ते वरच्या वरच टांगले आणि स्वतः खाली उताणा पडून बॅलन्सर बसवला. डोळ्यात तेल ठिबकत होते. रेघा त्याने तिरक्या नजरेने, बाजूने पाहिल्या होत्या, आणि तिरके पाहिले की एक दाता सहज लपतो. त्याला वाटले होते जुळल्या. ठिपके मारले. वर आला. पेला ठेवला. इंजिन सावकाश चालत होते. थेंब पडला नाही. टाळ्या वाजल्या. कोंबडी-वडे होते त्या दिवशी.

पेला त्याच्याशी अकरा वर्षे खोटे बोलत होता. पेला नव्हे, तो स्वतः. हळू चालणाऱ्या इंजिनात हादरा मुळात थोडाच असतो. वेग वाढेल तसा तो दुपटी-चौपटीने वाढतो. हे त्याला माहीत नव्हते असे नाही. एखाद्या नवशिक्याला त्याने ते फळ्यावर काढून शिकवले असते. फक्त स्वतःच्या पेल्याला त्याने ते कधी विचारले नव्हते.

आणि अजून एक गोष्ट आठवली. खाणीच्या मालकाचा निरोप आला होता, नट राहत नाहीत, पायाचे बोल्ट तुटतात. भार्गव तेव्हा जेवत होता. पानावरून न उठता त्याने उलट निरोप दिला होता: “तुमचा ड्रायव्हर नट आवळत नाही. माणूस बदला.” मालकाने माणूस बदलला. वर्षभराने पुन्हा निरोप आला. पुन्हा तेच उत्तर गेले, आणि पुन्हा माणूस बदलला. त्या दोघांची नावेसुद्धा भार्गवने विचारली नव्हती. दामू हा तिसरा होता.

“दामू,” तो म्हणाला, “जरा चहा घेऊन ये.”

दामू गेला. शेडमध्ये भार्गव एकटा उरला. गिअरांचे दाते हादऱ्याने खवल्यांसारखे सोलले होते. जोडी बदलावीच लागणार होती, नवी जोडी त्याच्याजवळ होती, आणि जुनी कोणी मागणारही नव्हते. तरी त्याने कानस उचलली. एकदा ठिपका बुजला की मग खरोखरच काही घडले नाही असे होईल, असे काहीतरी त्याच्या मनात होते. त्याने पहिल्या ठिपक्यावर कानस ठेवली आणि एक हात ओढला. काळ्या लोखंडावर पांढरा चकचकीत ओरखडा उमटला.

त्या चकाकीने तो दचकला. नजर वर गेली ती चेंबरच्या बोल्टांवर. ते ताटात काढून ठेवले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर खडूचा पांढरा थर बसला होता, एकावर एक, पुसलेल्या आणि पुन्हा ओढलेल्या रेघांचा. एक दिवसही चुकला नव्हता. हा माणूस रोज संध्याकाळी वाकून इंजिनाला विचारत होता की बाबा, तू सकाळी होतास तिथेच आहेस ना. आणि आपण? आपण एकदा ठिपके मारले आणि अकरा वर्षे मागे वळून पाहिले नाही.

दामू चहा घेऊन आला. त्याला कानस दिसली. ओरखडाही दिसला असावा.

“थंड होईल, मिस्त्री,” एवढेच तो म्हणाला आणि पेला पुढे केला.

भार्गवने चहा घेतला. तो कडू होता की गोड, हे त्याला सांगता आले नसते. बोलायचे होते, पण शब्द घशापर्यंत येत आणि तिथे एक दाता चुके.

दुपारभर त्याने बुश बदलले, तेलाची भोके तारेने साफ केली, नवी जोडी बसवली. रेघा भिडवायची वेळ आली तेव्हा त्याने दिवा दामूच्या हातात दिला.

“तू समोरून बघ. अगदी समोरून. जुळल्यात का?”

दामू पोटावर झोपला. “जुळल्यात.”

“पुन्हा बघ.”

“जुळल्यात, मिस्त्री.”

भार्गवचा हात पंचाकडे गेला आणि परत आला. त्या गिअरांवर त्याने ठिपके मारले नाहीत. जुनी जोडी त्याने फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली.

तिसऱ्या दिवशी भरतीला सगळे गाव जेटीवर होते. इंजिन लाँचमध्ये बसवून झाले होते. खोतांच्या घरून नवा काचेचा पेला आला. भार्गवने तो काठोकाठ भरला आणि झाकणावर ठेवला. इंजिन सावकाश चालू लागले. पाणी आरशासारखे स्थिर राहिले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“झालं काम,” आबा खोत म्हणाले. “मिस्त्री, तुमची कीर्ती ऐकली होती, आज पाहिली. आता दामूचा निकाल लावू.”

“थांबा, आबा,” भार्गव म्हणाला. “काम झालेलं नाही. दामू, रेस वाढव. पूर्ण.”

दामूने रेस वाढवली. इंजिन गरजू लागले. पाण्यावर बारीक वर्तुळे उठली, काठाशी जमा झाली, पण पेला जागचा हलला नाही. एक थेंब मात्र काठावरून घसरला आणि पेल्याच्या अंगावरून ओघळून झाकणावर आला.

“पडला,” भार्गव म्हणाला. “सव्वीस वर्षांत पहिला. मजुरी नको.”

“एका थेंबाचं काय घेऊन बसलात?” खोत म्हणाले. “परवा अख्खा पेला फुटला होता.”

“अकरा वर्षांपूर्वी याच इंजिनावर एकही थेंब पडला नव्हता, आबा.”

दामूने रेस खाली आणली. शांततेत भार्गवने पिशवीतून फडके काढले आणि ते उलगडून दोन जुने गिअर सगळ्यांसमोर ठेवले.

“हे या इंजिनाच्या पोटातले. हे तीन ठिपके बघा. प्रत्येकाला खाच आहे. आणि हा माझा पंच. याचं टोक तुटकं आहे. हे इंजिन आधी खाणीवर होतं, तिथे बॅलन्सर मी बसवला. एका दात्याने चुकवला. बेचाळीस माणसं मी वाहवली. दामूने नाही.”

भरतीचे पाणी जेटीखाली आपटत होते तेवढेच ऐकू येत होते. खोतांचे तोंड उघडे राहिले होते.

शेवटी चंद्रावहिनी हळूच म्हणाली, “म्हणजे परवा तुम्ही ते गाढव म्हणालात...”

“मीच ते, वहिनी.”

एरवी जेटी हसली असती. कोणी हसले नाही.

“आणि हा ओरखडा दिसतोय ना,” भार्गव पुढे म्हणाला, “तो अकरा वर्षांपूर्वीचा नाही. कालचा आहे. खूण बुजवायला निघालो होतो. तोही माझाच.”

आबा खोत गिअर हातात घेऊन उलटसुलट करत होते. “पण मिस्त्री, तुम्ही सांगितलं नसतं तर हे कोणाला कळलं असतं?”

“दामूने ठिपके पाहिले होते. मला विचारलंही. मी खोटं सांगितलं की ते कारखान्याचे आहेत.”

“मला त्याच वेळी कळलं होतं, मिस्त्री,” दामू म्हणाला.

भार्गवने मान वर केली.

“तुमचा पंच पेटीत वरच पडला होता. त्याचं तुटकं टोक मी आधीच पाहिलं होतं. ठिपक्यांची खाच पाहिली आणि कळलं.”

“मग बोलला का नाहीस? तुला तर आज उतरवणार होते.”

दामूने झाकणावरचा ओघळ फडक्याने पुसला.

“तीन वर्षं सांगत होतो की नट फिरतात,” तो म्हणाला. “तेव्हा सगळे हसले. भार्गव मिस्त्री चुकला म्हटलं असतं, तर हसण्यावर भागलं असतं का? म्हटलं, बोलले तर तेच बोलतील. नाही बोलले तर मग कोणीच नाही.”

हे ऐकून आबा खोतांनी गिअर खाली ठेवला. नट चालतात का, असे विचारणारे ते स्वतःच होते. त्यांनी दामूच्या खांद्यावर हात ठेवला. चंद्रावहिनीने मासळीची नवी टोपली उचलली आणि सगळ्यांच्या आधी लाँचमध्ये जाऊन बसली. “चल रे दामू,” ती म्हणाली, “बाजार उठेल.” तिच्यामागून एकेक करत गाव चढले.

भार्गव मिस्त्रीची कीर्ती त्या दिवशी खाडीपलीकडे पोचायच्या आत अर्धी झाली. काही लोकांनी त्याला बोलावणे सोडले. तो मात्र घरी बसला नाही. जिथे जिथे त्याने ठिपके मारले होते, आणि जिथे जिथे अजून इंजिन चालू होते, तिथे तो स्वतःहून गेला आणि दिवा लावून समोरून बघत सुटला. एकोणीस इंजिने त्याने उघडली. सतरा बरोबर होती. दोन नव्हती. त्या दोहोंपैकी प्रत्येकाच्या वेळी तो पहिल्या दिवसासारखाच हबकला.

खाणीवरही तो गेला. काढून टाकलेल्या दोन ड्रायव्हरांची नावे त्याने पहिल्यांदा विचारली. एक होता सुभान, तो वारला होता. दुसरा वसंत धुरी. तो कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नव्हते. हे भार्गवला कधीच दुरुस्त करता आले नाही.

ठिपके मारणे त्याने सोडले नाही. पण त्यापुढे रेघा भिडल्या की तो आधी त्या इंजिनावर रोज काम करणाऱ्या माणसाला दिवा देई आणि म्हणे, “समोरून बघ.” त्या माणसाने दोनदा पाहून होकार दिला की मग भार्गव तीन ठिपके मारी आणि पंच त्याच्या हातात देई. चौथा ठिपका त्या माणसाचा. पेलाही तो ठेवी, पण आता इंजिन पूर्ण वेगात असताना. थेंब अधूनमधून सांडे.

वर्षभराने लाँचचे इंजिन पुन्हा उघडले तेव्हा त्याच्या गिअरांवर अजून एकही ठिपका नव्हता. भार्गवने दिवा दामूला दिला. दामूने समोरून पाहिले, मान हलवली, खिशातून खडू काढला आणि रेघांच्या शेजारी आधी एक बारीक पांढरी रेघ ओढली. मग पंच घेतला. त्या इंजिनावर पहिला ठिपका दामूचा आहे. बाकीचे तीन त्याच्या नंतर मारलेले आहेत.

तात्पर्य: दोष शोधायला दिवा पेटवला की त्याचा उजेड आधी आपल्या हातांवर पाडावा. एकदा मारलेली खूण म्हणजे कायमचा पुरावा नव्हे. आपले काम बरोबर आहे की नाही हे त्याच्यासोबत रोज राहणाऱ्या माणसाला विचारावे, आणि तो सांगेल तेव्हा हसू नये.